नेम धरायच्या दोन खुणा : स्वसंरक्षणाच्या पिस्तुलाची साइट बदलताना

आजचा विषय आपल्यापैकी पुष्कळांना लांबचा वाटेल. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या काही श्रोत्यांनी विचारलं होतं, की घरात संरक्षणासाठी पिस्तूल आहे, दुकानदार म्हणतो त्यावरच्या कंपनीच्या साइट काढून चांगल्या बसवा, आणि दुकानात तर पन्नास प्रकार आहेत, मग निवडायचं कसं? हा प्रश्न अमेरिकेतलाच आहे. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना मिळवणं हीच मोठी गोष्ट, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. तिथे मात्र २००८ साली ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणं हा नागरिकाचा हक्क मानला. त्यामुळे साइटची बाजारपेठ तिकडेच फोफावली, आणि उदाहरणंही आम्ही तिकडचीच घेणार आहोत.

पण विषयाचा गाभा सगळ्यांसाठी आहे. डोळा, अंतर, उजेड आणि घाई या चार गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हा तो गाभा. ज्यांनी आयुष्यात पिस्तूल हातात धरलेलं नाही आणि धरायचंही नाही, त्यांनाही यातलं प्रकाशशास्त्र रंजक वाटेल.

दोन खुणा आणि एक रेष

साइट म्हणजे काय? पिस्तुलाच्या वरच्या बाजूला पुढे एक छोटी खुंटी असते आणि मागे एक खाच असलेली पट्टी असते. एनसीसीत असताना ज्यांनी रायफल चालवली आहे त्यांना ‘फोरसाइट’ आणि ‘बॅकसाइट’ हे शब्द आठवतील. आपण साधं म्हणू, पुढची साइट आणि मागची साइट. मागच्या खाचेतून पुढची खुंटी बघायची. खुंटीचा माथा खाचेच्या वरच्या कडांशी एका पातळीत आला पाहिजे आणि खुंटीच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची सारखी फट दिसली पाहिजे. असं जुळलं, की नळीचं तोंड आपल्याला हवं तिकडे आहे असं समजायचं.

आता इथे एक गंमत बघा. ग्लॉक १७ हे अमेरिकेत फार प्रचलित पिस्तूल आहे. त्याच्या दोन साइटमधलं अंतर १६५ मिलिमीटर आहे. समजा, खुंटी खाचेत मधोमध न राहता एक मिलिमीटर डावीकडे सरकली. सात मीटरवर गोळी किती चुकेल? सोपं त्रैराशिक आहे. १६५ मिलिमीटरला एक, तर ७००० मिलिमीटरला किती? उत्तर येतं साधारण ४२ मिलिमीटर. पंधरा मीटरवर तीच चूक ९१ मिलिमीटर होते आणि पंचवीस मीटरवर १५० मिलिमीटरच्या वर जाते. ग्लॉक २६ हे आखूड पिस्तूल घेतलं तर त्याच्या साइटमधलं अंतर १३७ मिलिमीटर आहे, म्हणजे तेवढ्याच सरकण्याने सात मीटरवर ५१ मिलिमीटरची चूक.

उलट, दोन्ही साइट एकमेकींशी नीट जुळलेल्या आहेत पण अख्खा हात पाच मिलिमीटर बाजूला सरकला, तर गोळीही पाचच मिलिमीटर सरकते. म्हणजे हात थोडा डोलला तर फारसं बिघडत नाही, दोन खुणांचं आपसातलं नातं बिघडलं तर मात्र बिघडतं. म्हणून साइट निवडताना पहिला प्रश्न हा, की घाईत, भीतीत, कमी उजेडात हे नातं आपल्या डोळ्याला चटकन कळतं का? बाकी सगळं त्यानंतर.

डोळा एका वेळी एकच अंतर बघतो

नेम धरताना आपण तीन गोष्टी बघत असतो. मागची साइट साधारण अर्ध्या मीटरवर, पुढची साइट पाऊण मीटरच्या जरा अलीकडे आणि समोरचं लक्ष्य काही मीटरवर. डोळ्याचं भिंग एका वेळी यातली एकच गोष्ट स्पष्ट दाखवू शकतं. म्हणून जुनी शिकवण अशी, की पुढची खुंटी स्पष्ट दिसू द्या, लक्ष्य आणि मागची खाच थोडी धूसर दिसली तरी चालेल.

विशीतल्या माणसाला हे सहज जमतं. चाळिशी लागली की पंचाईत सुरू होते. चाळिशी म्हणजे भिंगाची लवचीकता कमी होणं, हे आपण जाणतोच. पण त्यातला एक बारकावा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वाचायचा चष्मा साधारण चाळीस सेंटिमीटरवरचं दिसण्यासाठी असतो, म्हणजे डोळ्याला अडीच डायऑप्टरची मदत लागते. पुढची साइट असते सत्तर सेंटिमीटरच्या आसपास, तिला दीडच्या आतबाहेर पुरते. त्यामुळे वाचायच्या चष्म्यातून खुंटी धूसर दिसते आणि लांबच्या चष्म्यातूनही धूसरच. दुहेरी काचेचा चष्मा असेल तर माणूस मान वर करून खालच्या काचेतून बघू लागतो आणि उभं राहण्याची सगळी ढबच बदलते. संगणकावर काम करण्यासाठी जो मधल्या अंतराचा चष्मा मिळतो, तो या अंतराच्या जवळ जातो.

तेव्हा पन्नाशीतल्या एखाद्या गृहस्थाला साइट दिसत नसतील, तर दीडशे डॉलरच्या नव्या साइट घेण्याआधी त्यांनी डोळे तपासून घ्यावेत. हाताचं अंतर मोजून डॉक्टरांना सांगावं, की एवढ्या अंतरावरची वस्तू मला स्पष्ट बघायची आहे. पिस्तूल सोबत नेण्याची गरज नाही, नेऊही नये. सेंटिमीटरमधला आकडा पुरतो. अर्थात रात्री दचकून उठल्यावर चष्मा डोळ्यांवर असेलच असं नाही. त्यामुळे चष्म्याविना जे दिसेल तेही एकदा तपासून बघायला हवं.

स्पर्धेची साइट आणि घरची साइट

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, ते आपल्याला आठवत असेल. त्या स्पर्धांमध्ये पिस्तुलावर भिंग किंवा लाल ठिपक्याची दुर्बीण चालत नाही, उघड्या साइटच लागतात. मग स्वाभाविकपणे कुणी विचारेल, एवढ्या अचूक नेमबाजांच्या साइट आपणही का बसवू नयेत?

कारण दोन्हींची कामं वेगळी आहेत. स्पर्धेत लक्ष्य पांढऱ्या कागदावरचं काळं वर्तुळ असतं, उजेड भरपूर आणि ठरलेला असतो, अंतर ठरलेलं असतं. तिथली साइट बिनचमकीची काळी कुळकुळीत असते, बारीक स्क्रूने वर-खाली, डावी-उजवी करता येते, कडा धारदार असतात. घरच्या पिस्तुलाला यातलं काहीच ठरलेलं नाही. समोरच्याचे कपडे काळे असले तर काळी खुंटी त्यात बुडून जाते. बारीक स्क्रू धक्क्याने हलू शकतात. धारदार कडा कपड्यात अडकतात. म्हणून संरक्षणाच्या पिस्तुलाला शक्यतो न हलणाऱ्या, दणकट, पोलादी आणि पटकन नजरेत भरणाऱ्या साइट बसवतात. अचूकता थोडी कमी झाली तरी ते चालवून घेतात, कारण घरातली अंतरं लहान असतात.

किती लहान, हे ज्याने त्याने आपापल्या घरात टेप लावून मोजावं. झोपण्याच्या खोलीच्या दारातून जिन्यापर्यंत किती, दिवाणखान्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती. बहुतेक घरांत हा आकडा दहा-बारा मीटरच्या आतच येतो. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

कंपनीच्या साइट वाईट असतात का?

ग्लॉक पिस्तूल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ साली स्वीकारलं. त्याच्याबरोबर येणाऱ्या साध्या साइट प्लास्टिकच्या असतात. पुढे पांढरा ठिपका, मागे पांढरी चौकट. दिवसाउजेडी त्या बऱ्या दिसतात आणि हजारो लोक त्यांच्यावर नेमबाजी शिकले आहेत. मग तक्रार काय?

पहिली तक्रार टिकाऊपणाची. रोज म्यानात, म्हणजे होल्स्टरमध्ये, घालून-काढून प्लास्टिकच्या कडा झिजतात. शिवाय एक हात जखमी झाला तर मागची साइट कमरेच्या पट्ट्याला किंवा टेबलाच्या कडेला अडकवून स्लाइड मागे ओढायला शिकवतात. प्लास्टिकच्या साइटवर एवढा भरवसा ठेवता येत नाही. दुसरी तक्रार दिसण्याची. मागची पांढरी चौकट मोठी आणि ठळक असल्याने नजर पुढच्या खुंटीऐवजी मागेच अडकते. तिसरी तक्रार अंधाराची. पांढरा रंग स्वतः उजळत नाही.

आता प्रामाणिकपणे बोलायचं तर पिस्तूल होल्स्टरमध्ये रोज फिरत नसेल, घरातच कुलपात असेल आणि मालकाला कंपनीच्या साइट स्वच्छ दिसत असतील, तर त्याने बदल केलाच पाहिजे असं नाही. तेच पैसे गोळ्यांवर आणि चांगल्या शिक्षकाच्या वर्गावर खर्च केले तर फरक जास्त पडेल. पण वरीलपैकी एखादी तक्रार खरी असेल, तर पुढचे पर्याय बघू.

बाजारात काय काय मिळतं

पहिला पर्याय, साध्या काळ्या पोलादी साइट. स्वस्त, दणकट, वर्षानुवर्षं देखभाल नको. काही लोक पुढच्या खुंटीला गडद नारिंगी किंवा पोपटी रंग लावून घेतात आणि मागची साइट काळीच ठेवतात. नजर आपोआप रंगाकडे जाते. उजेडात हा उपाय फार चांगला आहे.

दुसरा पर्याय, फायबर ऑप्टिक. पुढच्या खुंटीत लाल किंवा हिरव्या प्लास्टिकची बारीक कांडी आडवी बसवलेली असते. ती अंगभर पडलेला उजेड गोळा करून टोकाला ठिपक्यासारखी चमकते. दिवसा याच्याइतकं ठळक क्वचितच काही दिसतं, म्हणून मैदानी नेमबाजीच्या स्पर्धांत ती लोकप्रिय आहे. पण गोळा करायला उजेडच नसेल तर ती चमकणार कशी? अंधारात कांडी निव्वळ काळी दिसते. शिवाय ती तुटू शकते, त्यामुळे जादा कांड्या जवळ ठेवाव्या लागतात.

तिसरा पर्याय ट्रिटियमचा, ज्याला लोक ‘नाइट साइट’ म्हणतात. ट्रिटियम हा हायड्रोजनचाच एक किरणोत्सारी प्रकार. काचेच्या इवल्याशा नळीत तो वायू भरतात आणि आतून चमकणाऱ्या पदार्थाचा लेप देतात. ट्रिटियममधून निघणारे इलेक्ट्रॉन लेपावर आदळतात आणि लेप मंद उजळतो. बॅटरी नको, आधी उजेडात ठेवायला नको. किरणोत्सारी म्हटल्यावर लोक दचकतात, पण हे इलेक्ट्रॉन इतके दुबळे असतात की नळीची काचच त्यांना अडवते. नळी फोडायची मात्र नाही, आणि साइट बदलून घ्यायची झाली तर ती कचऱ्यात टाकायची नाही.

ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं आहे. म्हणजे आज घेतलेल्या साइटचा उजेड बारा वर्षांनी निम्मा, पंचवीस वर्षांनी पाव. लेपही जुना होत जातो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा आणखी कमी. म्हणून जुनं पिस्तूल विकत घेताना ‘नाइट साइट आहेत’ एवढ्यावर भुलू नका, त्या कोणत्या वर्षी बनल्या ते विचारा. आणि नवीन घेताना पुढचा दिवा हिरवा असेल तर बरं, कारण आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत लवकर जाणवतो.

इथे एक सापळा आहे. पुष्कळ नाइट साइटना तीन सारखे हिरवे ठिपके असतात, पुढे एक आणि मागे दोन. मिट्ट काळोखात साइटचा आकार दिसत नाही, फक्त तीन ठिपके दिसतात. घाईत पुढचा ठिपका मधोमध न येता दोन्ही मागच्या ठिपक्यांच्या बाहेर डावीकडे गेला, तरी ‘तीन ठिपके एका ओळीत’ दिसतातच. माणसाला वाटतं नेम जुळला, आणि गोळी जाते भलतीकडे. म्हणून पुढचा ठिपका मागच्यांपेक्षा ठळक किंवा वेगळ्या रंगाचा असावा, नाहीतर मागे ठिपका नसलेलाच बरा. पुढच्या ट्रिटियमभोवती नारिंगी किंवा पिवळं कडं असलेल्या साइट मिळतात. त्या दिवसा कड्यामुळे आणि रात्री दिव्यामुळे दिसतात. आमच्या मते बहुतेकांसाठी हा सर्वांत समतोल पर्याय आहे.

चौथा पर्याय, साइटऐवजी लाल ठिपक्याची छोटी दुर्बीण, म्हणजे ‘रेड डॉट’. ट्रायजिकॉन कंपनीची आरएमआर २००९ साली आली आणि ग्लॉकने २०१५पासून अशी दुर्बीण बसवता येईल अशा स्लाइडची पिस्तुलं बाजारात आणली. यात काचेवर लाल ठिपका दिसतो आणि तो लक्ष्याच्याच अंतरावर असल्यासारखा भासतो. म्हणजे डोळ्याला तीन अंतरांची कसरत करावी लागत नाही, लक्ष्याकडे बघायचं आणि ठिपका त्यावर आणायचा. चाळिशी उलटलेल्यांसाठी ही मोठीच सोय. पण किंमत काहीशे डॉलर, बॅटरी वेळेवर बदलायची आठवण, आणि पिस्तूल वर उचलल्यावर ठिपका काचेत सापडेपर्यंतचा सराव, हे सगळं सोबत येतं. ज्यांना दृष्टिवैषम्य आहे, म्हणजे सिलिंडरचा नंबर आहे, त्यांना ठिपका गोल न दिसता फुटलेल्या ताऱ्यासारखा दिसू शकतो. घेण्याआधी दुकानात नक्की डोळ्याला लावून बघा.

रुंदी, फट आणि उंची

प्रकार ठरला की मापं बघायची. पुढच्या खुंटीची रुंदी बाजारात साधारण तीन ते साडेतीन मिलिमीटर असते. हिशेब करू. ३.२ मिलिमीटर रुंद खुंटी डोळ्यापासून ७० सेंटिमीटरवर असेल, तर सात मीटरवर ती ३२ मिलिमीटर रुंद जागा झाकते आणि पंचवीस मीटरवर ११४ मिलिमीटर. म्हणजे रुंद खुंटी जवळ झटकन दिसते, पण लांबवर लक्ष्य झाकून टाकते. आता मघाशी घरात टेप लावून काढलेला आकडा आठवा. दहा मीटरच्या आतच काम असेल तर थोडी रुंद, ठळक खुंटी घ्यायला हरकत नाही.

खाच खुंटीपेक्षा किती रुंद असावी? मघाचीच खुंटी घेतली आणि मागची खाच ३.६ मिलिमीटर असली, तर वाटतं फरक जेमतेम ०.४चा. पण खाच डोळ्याच्या जवळ असल्यामुळे ती मोठी दिसते आणि खुंटीच्या दोन्ही बाजूंना साधारण पाऊण-पाऊण मिलिमीटरची फट भासते. ही फट फार बारीक असली तर कमी उजेडात दिसतच नाही, फार मोठी असली तर खुंटी मधोमध आहे की नाही ते कळत नाही. संरक्षणासाठी थोडी मोकळी फट बरी. डोळे वयस्क असतील तर आणखी थोडी मोकळी.

उंचीचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची साइट सरकवायची, पुढची मात्र उलट. गोळी खाली लागत असेल तर मागची साइट उंच हवी किंवा पुढची ठेंगणी. ग्लॉक कंपनी मागची साइट ६.१, ६.५, ६.९ आणि ७.३ मिलिमीटर अशा उंचींत देते, म्हणजे एका पायरीत ०.४ मिलिमीटर. ग्लॉक १७वर एक पायरी चढली की पंधरा मीटरवर गोळी ३६ मिलिमीटर वर लागते. पुढची आणि मागची साइट वेगवेगळ्या कंपन्यांची घेऊन जोडी लावली, तर हाच हिशेब आपल्याला करावा लागतो. म्हणून जोडी एकाच कंपनीची, आपल्याच मॉडेलसाठी आणि आपल्याच गोळीच्या मापासाठी आहे ना, हे पाकिटावर वाचून घ्यावं.

आणि हो, प्रत्येक पिस्तुलाची साइट बदलतेच असं नाही. ग्लॉकची पुढची साइट खालून एका छोट्या षटकोनी स्क्रूने बसते आणि मागची तिरप्या कडांच्या आडव्या खाचेत घट्ट सरकवलेली असते. इतर कित्येक पिस्तुलांत दोन्ही साइट अशा खाचेत असतात. पण लहान रिव्हॉल्व्हरमध्ये बऱ्याचदा पुढची खुंटी नळीच्याच धातूतून कोरलेली आणि मागे नुसती चर असते. तिथे रंग लावणं हाच सोपा उपाय. खाचेतली साइट हातोडीने ठोकून बसवणारे वीर असतात, पण ट्रिटियमची काचेची नळी हातोडी सहन करत नाही. ती दाब देऊन सरकवण्याचं खास साधन असतं. गनस्मिथकडून बसवून घेतलेलं उत्तम.

बसवल्यावर काम संपत नाही. घरात ज्या गोळ्या ठेवणार, त्याच गोळ्यांनी मैदानावर नेम तपासायचा. हात टेकवून, सावकाश, आधी सात मीटरवर, मग पंधरावर. दर वेळी चार-पाच गोळ्यांचा पुंजका कुठे पडतो ते बघायचं. एका गोळीवरून साइट सरकवू नये.

साइट काय सांगत नाही

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ‘नाइट साइट’ या नावामुळे पुष्कळांचा असा समज होतो, की यांच्यामुळे रात्री दिसतं. तसं होत नाही. ट्रिटियमच्या दिव्याने तुम्हाला तुमचं पिस्तूल कुठे रोखलं आहे ते कळतं. समोर कोण आहे ते त्याला दाखवता येत नाही. त्याचा उजेड समोरच्या भिंतीवरसुद्धा पडत नाही.

टेक्सासमधल्या किंवा न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घराचा विचार करा. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले आहेत. पहिले आठ-दहा दिवस त्यांची झोप उलटी असते. पहाटे तीनला बाबा उठतात, घरातल्यांची झोपमोड नको म्हणून दिवा न लावता, चाचपडत स्वयंपाकघरात चहा टाकायला जातात. एखादं भांडं पडतं. वर झोपलेला मुलगा दचकून उठतो. त्या क्षणी त्याच्या हातात जगातल्या सर्वोत्तम साइट असतील आणि त्या अचूक जुळलेल्या असतील, तर ते जास्तच भयंकर.

म्हणून साइटच्या आधी उजेड. जिन्याला आणि मधल्या वाटेला हालचालीवर लागणारे दिवे, ते नसतील तर निदान रात्रभर जळणारा मंद दिवा. उशाशी एक चांगली हाती टॉर्च, पिस्तुलापासून वेगळी. टॉर्च पिस्तुलाखाली जोडलेलीही मिळते, पण नुसतं कोण आहे ते बघायलाही पिस्तूल त्या व्यक्तीकडे रोखावं लागतं, म्हणून वेगळी टॉर्च हवीच. आधी नावाने हाक मारायची, घरातली सगळी माणसं मोजायची, बाहेरच्या आवाजासाठी पोलिसांना फोन करायचा. पाहुणे आले की पहिल्याच दिवशी त्यांना सांगायचं, रात्री उठलात तर दिवा लावा, आमची झोप मोडली तरी चालेल. घरात अंधारात वाट चालताना साइटचा ठिपका दिसतो आणि माणूस दिसत नाही, असं होत असेल, तर घराची व्यवस्था चुकली आहे असं समजावं. स्वसंरक्षणाचे कायदे अमेरिकेत राज्याराज्यांत वेगळे आहेत. पण चुकीच्या माणसावर झाडलेली गोळी कोणत्याही कायद्याने परत येत नाही.

तेव्हा खर्चाचा क्रम आम्ही असा लावू. आधी कुलूपबंद पेटी, विशेषतः घरात मुलं असतील तर. मग दिवे आणि टॉर्च. मग डोळ्यांची तपासणी. मग शिक्षण आणि सराव. साइटचा नंबर त्यानंतर. आणि साइट घेताना पोलादी, पुढची ठळक, मागची साधी, फट मोकळी, आपल्याच मॉडेलची.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*माझ्या पत्नीला आणि मला एकच पिस्तूल वापरायचं आहे. तिचे डोळे चांगले, मला चाळिशी. साइट कुणाच्या डोळ्यांनी निवडायची?*

ज्याला कमी दिसतं त्याच्या. तिला ठळक खुंटी अडचणीची ठरणार नाही, तुम्हाला बारीक खुंटी ठरेल. मात्र बसवण्याआधी दोघांनीही दुकानात हात ताणून बघावं, एकदा उजेडात आणि एकदा दिवे मंद करून. चांगला दुकानदार एवढी सोय करून देतो.

*रेड डॉट घेतला तर जुन्या साइट काढून टाकायच्या का?*

नाही. काच फुटली किंवा बॅटरी संपली तर मागे काहीतरी हवं. पण साध्या उंचीच्या साइट दुर्बिणीआड लपतात, म्हणून त्यातून दिसतील अशा उंच साइट मिळतात, त्या बसवाव्यात. त्या साध्या काळ्या असल्या तरी पुरतं, कारण त्यांचं काम फक्त अडीअडचणीचं.

*सरावाला मैदानावर महिन्यातून एकदाच जाता येतं. तेवढ्यात नव्या साइटची सवय होईल का?*

महिन्यातून एकदा गोळ्या झाडून आणि मधल्या दिवसांत घरी रिकाम्या पिस्तुलाने सराव करून होईल. पण रिकामं म्हणजे खरोखर रिकामं. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवायच्या, मॅगझिन काढायचं, नळी डोळ्याने बघायची आणि बोटानेही चाचपायची. मग गोळी अडेल अशा भिंतीवर एक खूण करून, त्या खुणेवर साइट जुळवत चाप सावकाश ओढायचा. रोज पाच मिनिटं पुरे. सराव संपला की स्वतःशी मोठ्याने म्हणायचं, ‘संपलं’, आणि पिस्तूल कुलपात ठेवायचं. ‘आणखी एकदाच’ असं म्हणत पुन्हा हातात घ्यायचं नाही. गोळ्या भरून ठेवल्यानंतरच्या त्या एका वेळेतच अपघात होतात.

आज एवढंच. प्रश्न आले तर पुढच्या व्याख्यानाच्या सुरुवातीला घेऊ.